बिकिलाचे पाय आणि आपले बूट

जानेवारीतला तिसरा रविवार जवळ येऊ लागला, की मुंबईच्या उपनगरांत पहाटे धावणाऱ्यांची संख्या वाढते. विक्रोळीत कन्नमवार नगरातून निघून ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेच्या कडेने मुलुंडच्या दिशेने जाणारे, पिरोजशानगरच्या झाडीतल्या रस्त्यांवर फेऱ्या मारणारे, पवई तलाव गाठून परत येणारे असे सगळे टाटा मुंबई मॅरेथॉनच्या तयारीला लागलेले असतात. धावून झाल्यावर चहाच्या टपरीवर त्यांच्या गप्पांत दोन विषय हमखास निघतात. पहिला दुखण्याचा: कोणाचा गुडघा, कोणाची टाच, कोणाची नडगी. दुसरा बुटांचा. जाड फोमचे बूट घ्यावेत की अगदी पातळ तळाचे, ज्यांना मिनिमलिस्ट म्हणतात ते? पातळ बुटांची बाजू घेणाऱ्यांकडे एक हुकमी दाखला असतो. इथिओपियाचा अबेबे बिकिला रोमच्या ऑलिंपिकमध्ये अनवाणी धावला आणि जिंकला, मग आपल्याला एवढे जाड बूट हवेत कशाला?

दाखला खरा आहे. मात्र तो बिकिलाच्या आयुष्यातल्या एका संध्याकाळचा आहे. त्या संध्याकाळच्या आधीची अठ्ठावीस वर्षे आणि नंतरची तेरा वर्षे पाहिली, तर धावणाऱ्याच्या पायाला इजा का होते आणि ती कशाने टळते याविषयी बरेच काही कळते.

डोंगरात घडलेले पाय

अबेबे बिकिलाचा जन्म ७ ऑगस्ट १९३२ रोजी इथिओपियातील जातो या लहानशा गावी झाला. योगायोग असा, की त्याच दिवशी तिकडे लॉस एंजेलिस ऑलिंपिकची मॅरेथॉन शर्यत होती. जातोत बूट ही चैनीची वस्तू होती. गुरे राखणे, डोंगर चढणे-उतरणे, मुलांबरोबर काठी-चेंडूचा गेना नावाचा खेळ खेळणे हे सगळे अनवाणीच चाले. विशीत तो सम्राट हैले सेलासी यांच्या शाही रक्षक दलात शिपाई म्हणून दाखल झाला. त्या काळात तो रोज सुलुल्ताच्या डोंगरातून सुमारे २० किलोमीटर धावत राजधानी अदिस अबाबाला येई आणि तितकेच अंतर परत जाई. अदिस अबाबा समुद्रसपाटीपासून २,३०० मीटरहून अधिक उंचीवर आहे. विरळ हवेत रोजची ही ये-जा करताना त्याचे हृदय आणि फुप्फुसे तयार झाली. पायही तयार झाले, पण त्याकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही.

त्याच्यातला धावपटू ओळखला तो ओन्नी निस्कानेन या प्रशिक्षकाने. फिनलंडमध्ये जन्मलेले, स्वीडनमध्ये वाढलेले निस्कानेन इथिओपियाच्या सेवेत होते. त्यांनी बिकिलाच्या सरावाला शिस्त लावली: वेगाच्या फेऱ्या, चढणीवरच्या धावा, ठरवून घेतलेली विश्रांती. जुलै १९६० मध्ये बिकिलाने अदिस अबाबात पहिली मॅरेथॉन जिंकली. महिनाभराने दुसरी जिंकली ती २ तास २१ मिनिटे २३ सेकंदांत. ही वेळ एमिल झाटोपेकच्या तेव्हाच्या ऑलिंपिक विक्रमापेक्षाही कमी होती. अदिस अबाबाबाहेर मात्र तिची दखल कोणी घेतली नाही.

आता या पायांकडे थोडे बारकाईने पाहू. माणसाच्या एका पावलात २६ हाडे आणि तीसहून अधिक सांधे असतात. तळव्याची कमान कमानीतले छोटे स्नायू आणि टाचेपासून बोटांपर्यंत ताणलेला जाड पट्टा यांच्या आधाराने उभी राहते. पाऊल टेकताना ती किंचित सपाट होते, उचलताना पुन्हा उसळते. धावताना प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाच्या दुप्पट ते तिप्पट जोर जमिनीकडून पायावर येतो. मिनिटाला १७० पावले धरली, तर तासाभरात दहा हजारांवर वेळा हा जोर सोसावा लागतो. लहानपणापासून हा जोर थोडा थोडा सोसत आलेल्या पावलाची हाडे दाट होतात, कमानीचे स्नायू भरतात, तळव्याची कातडी जाड होते. बिकिला रोमला पोहोचला तेव्हा त्याच्या पायांचा असा वीस-पंचवीस वर्षांचा सराव झालेला होता.

रोमची संध्याकाळ

रोममध्ये त्याने नवे बूट घेतले. ते पायाला नीट बसले नाहीत आणि फोड आले. शर्यत तोंडावर असताना फोड घेऊन न बसणारे बूट घालण्यापेक्षा अनवाणी धावणे बरे, असे ठरले. बूट टाळण्यामागे तत्त्वज्ञान नव्हते, देशाची गरिबी दाखवायची नव्हती की शास्त्राचा प्रयोगही करायचा नव्हता. बूट बसत नव्हते, एवढेच त्यामागचे कारण.

१० सप्टेंबर १९६० रोजी संध्याकाळी साडेपाचला कॅपिटोलिन टेकडीच्या पायथ्याशी शर्यत सुरू झाली. दिवसाचे ऊन टाळण्यासाठी ही वेळ निवडली होती. धावपटू शेवटच्या टप्प्यात आले तेव्हा अंधार पडला होता आणि प्राचीन आपिया मार्गावर सैनिक मशाली घेऊन उभे होते. मोरोक्कोच्या राडीवर लक्ष ठेव, त्याचा क्रमांक २६ असेल, असे प्रशिक्षकाने बजावले होते. राडी मात्र १८५ क्रमांक लावून उतरला होता. त्यामुळे बिकिला बराच वेळ आपल्या शेजारीच धावणाऱ्या माणसाला पुढे शोधत राहिला. शेवटी हे दोघेच आघाडीवर उरले.

इथिओपियातील अक्सुम येथून मुसोलिनीच्या सैन्याने उचलून आणलेला प्राचीन दगडी स्तंभ तेव्हा रोममध्ये उभा होता. त्याच्याजवळ पोहोचल्यावर बिकिलाने वेग वाढवला आणि कॉन्स्टंटाइनच्या कमानीखाली तो २ तास १५ मिनिटे १६.२ सेकंदांत पोहोचला. राडी २५ सेकंदांनी मागे राहिला. जगातली तोवरची सर्वोत्तम वेळ एका सेकंदाहूनही कमी फरकाने मोडली गेली. इथिओपियाचे हे पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक. पंचवीस वर्षांपूर्वी ज्या देशाने आपल्या देशावर चढाई केली, त्याच्या राजधानीत शाही रक्षक दलाच्या एका शिपायाने ते जिंकले होते.

अनवाणी धावताना त्याच्या पायांत नेमके काय घडत असेल? याचे उत्तर देणारे मोजमाप पुढे पन्नास वर्षांनी झाले. हार्वर्ड विद्यापीठातील डॅनियल लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये केनियातील आणि अमेरिकेतील धावपटूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. बूट घालून धावणारे बहुतेक जण आधी टाच टेकवतात. त्या क्षणी जमिनीकडून एक झटकन येणारा धक्का नोंदला जातो. लहानपणापासून अनवाणी धावणारे बरेच जण चवडा किंवा मधले पाऊल आधी टेकवतात. घोटा आणि पोटरी स्प्रिंगसारखी दबते आणि तो तीव्र धक्का जवळजवळ दिसत नाही.

एवढ्यावर अनेकांनी निष्कर्ष काढला, की अनवाणी धावले तर इजा होणार नाही. पण धक्क्याचा तीव्र भाग कमी झाला तरी शरीराचे वजन पेलायचेच असते. चवड्यावर उतरणाऱ्याच्या गुडघ्यावरचा भार कमी होतो आणि तो पोटरी, टाचेच्या वरचा टेंडन आणि चवड्याच्या बारीक हाडांवर जातो. भार नाहीसा होत नाही, त्याची जागा बदलते. नव्या जागेला त्याची सवय असेल तर ठीक, नसेल तर दुखणे तिथे सुरू होते. शिवाय सगळे अनवाणी लोक चवड्यावरच उतरतात असेही नाही. उत्तर केनियातील दासानाच जमातीच्या लोकांची २०१३ मध्ये पाहणी झाली. ही मंडळी सवयीने अनवाणी असूनही लांब पल्ल्याच्या संथ वेगात त्यांच्यापैकी बहुतेकांची टाच आधी टेकत होती.

पुण्याहून अँटवर्पला

रोमच्या चाळीस वर्षे आधी असेच पाय आपल्याकडेही धावत होते. १९१९ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धा सर दोराबजी टाटांनी पाहिल्या. ते जिमखान्याचे अध्यक्ष होते. लोकांची सर्वांत आवडती शर्यत सुमारे २५ मैलांची लांब धाव होती. तीत उतरणारी मुले शेतकरी कुटुंबांतली. खाणे साधे, प्रशिक्षण नाही आणि कडक खडीच्या रस्त्यावर पाय अनवाणी. तरीही पहिल्या तीन-चार जणांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास जात होत्या. हे पाहून दोराबजींनी पदरचे पैसे घालून खेळाडूंना ऑलिंपिकला पाठवायचे मनावर घेतले.

या खटपटीतून बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले १९२० मध्ये बेल्जियममधील अँटवर्पला गेले. त्या वर्षीची मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची होती, आजच्या ठरीव अंतरापेक्षा अर्ध्या किलोमीटरहून अधिक लांब. फिनलंडचा हानेस कोलेमाइनेन पहिला आला. चौगुले यांनी २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत शर्यत पूर्ण करून एकोणिसावा क्रमांक मिळवला. आज मुंबईची मॅरेथॉन टाटांच्या नावाने होते, तेव्हा त्या नावाचा लांब धावेशी आलेला पहिला संबंध या अनवाणी मुलांमुळे आला हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पुण्याच्या मैदानावरचे ते पाय आणि जातोचे पाय यांच्यात समान गोष्ट एकच: बालपण. मणिपाल येथील डॉक्टर राव आणि जोसेफ यांनी किनारी कर्नाटकातील ४ ते १३ वर्षांच्या २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासून १९९२ मध्ये निष्कर्ष मांडले. बूट-चपला घालणाऱ्या मुलांत सपाट तळव्याचे प्रमाण ८.६ टक्के होते, अनवाणी वाढणाऱ्यांत २.८ टक्के. पुढून बंद असलेल्या बुटांत ते सर्वांत जास्त आढळले. कमान घडण्याचा मुख्य काळ लहानपणाचा असावा असे यावरून दिसते. काळ्या बंद बुटांत शाळेचा सगळा दिवस काढून, पुढे ऑफिसचे बूट घालून चाळिशीत धावायला लागलेल्या माणसाचे पाऊल वेगळ्या वाटेने आलेले असते. त्याने बिकिलाचा दाखला देताना हा फरक मोजायला हवा.

बूट घालून दुसरे सुवर्ण

रोमनंतर बिकिला कायम अनवाणीच धावत राहिला, असा समज आहे. तो चुकीचा आहे. १९६१ मध्ये जपानमधील ओसाकाच्या मॅरेथॉनमध्ये त्याने ओनित्सुका या जपानी कंपनीचे बूट घातले आणि शर्यत जिंकली. हीच कंपनी पुढे आसिक्स नावाने ओळखली जाऊ लागली. १९६३ मध्ये बोस्टनच्या थंडी-वाऱ्यात तो पाचवा आला.

१९६४ च्या टोकियो ऑलिंपिकपूर्वी सुमारे पाच आठवडे सराव करताना त्याच्या पोटात कळा आल्या. अपेंडिक्स काढण्याची शस्त्रक्रिया करावी लागली. तो धावू शकेल असे फार थोड्यांना वाटत होते. २१ ऑक्टोबरला तो पूमा कंपनीचे हलके बूट घालून उतरला आणि २ तास १२ मिनिटे ११ सेकंदांत पहिला आला. दुसऱ्या क्रमांकाचा धावपटू चार मिनिटांहून अधिक मागे होता. स्टेडियममध्ये पोहोचल्यावर लोक त्याच्या कोसळण्याची वाट पाहत असताना तो मैदानावर हातपाय ताणण्याचे व्यायाम करत राहिला. ऑलिंपिक मॅरेथॉन दोनदा जिंकणारा तो पहिला धावपटू.

अनवाणी रोमपेक्षा बूट घातलेल्या टोकियोत तो तीन मिनिटे जलद धावला. याचा अर्थ बुटांनी तीन मिनिटे वाचवली असा नाही. रस्ता, हवामान, अनुभव हे सगळेच बदललेले होते. पण अनवाणी धावणे मुळातच जलद असते, हा दावा त्याच्या कारकिर्दीवरून तरी सिद्ध होत नाही. प्रयोगशाळाही तेच सांगते. प्रत्येक पायावर १०० ग्रॅम वजन वाढले, की धावण्याचा ऑक्सिजन खर्च सुमारे एक टक्क्याने वाढतो. म्हणून जड बूट नक्कीच नडतात. मात्र अनवाणी पायाला धक्का शोषण्याचे काम स्नायूंकडून करून घ्यावे लागते आणि त्यालाही ऊर्जा लागते. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात २०१२ मध्ये मोजणी झाली, तेव्हा हलक्या गादीच्या बुटांच्या तुलनेत अनवाणी धावणे स्वस्त पडले नाही.

त्याच्या नावाचा बूट

आजच्या धावण्याच्या बुटाचे रूप १९७० च्या दशकात घडले: टाचेखाली जाड गादी आणि टाच चवड्यापेक्षा १० ते १२ मिलिमीटर उंच. या फरकाला दुकानात ड्रॉप म्हणतात. २००९ मध्ये ख्रिस्तोफर मॅकडूगल यांचे मेक्सिकोतील ताराहुमारा धावपटूंवरचे पुस्तक गाजले आणि उलटी लाट आली. पातळ तळाचे, ड्रॉप नसलेले बूट बाजारात आले. व्हायब्रम कंपनीच्या पाच बोटांच्या बुटांमधल्या एका प्रकाराला तर बिकिलाचेच नाव दिले होते. परवानगी न घेता नाव वापरले म्हणून त्याच्या कुटुंबीयांनी २०१५ मध्ये अमेरिकेत दावा दाखल केला. त्याच्या आदल्याच वर्षी, या बुटांनी पाय मजबूत होतात आणि इजा कमी होतात या जाहिरातींवरून झालेल्या खटल्यात कंपनीने ३७ लाख ५० हजार डॉलरची तडजोड केली होती.

या बुटांची परीक्षाही झाली. अमेरिकेतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठात ३६ अनुभवी धावपटूंचे पाय दहा आठवड्यांच्या आधी आणि नंतर एमआरआयने तपासले. पाच बोटांच्या बुटांकडे हळूहळू वळलेल्या १९ जणांपैकी १० जणांच्या पावलाच्या हाडांत अस्थिमज्जेची सूज वाढलेली दिसली. नेहमीच्या बुटांत धावणाऱ्या १७ जणांपैकी एकाच्याच पायात तसे दिसले. ही सूज म्हणजे हाड ताणाखाली आल्याची खूण. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत १०३ धावपटूंना तीन प्रकारचे बूट वाटून बारा आठवड्यांचा सराव दिला गेला. त्यातला सर्वांत पातळ बूट नेमका बिकिला नावाचाच होता. तो घालणाऱ्यांना नडगी आणि पोटरीचे दुखणे अधिक झाले. सर्वाधिक इजा मधल्या, म्हणजे अर्धवट पातळ बुटाच्या गटात झाल्या.

म्हणून जाड बूट घ्यावेत का? तसाही पुरावा नाही. बूट आणि इजा यांविषयीच्या १२ चाचण्यांचा, ११ हजारांहून अधिक लोकांचा आढावा कॉक्रेन संस्थेने २०२२ मध्ये घेतला. त्यातले बरेच जण लष्करातले होते. गादीचे, टणक, पातळ यांपैकी कोणत्या बुटाने इजा कमी होतात हे खात्रीने सांगण्याइतका चांगला पुरावा त्यात मिळाला नाही. तळव्याचा ठसा पाहून, कमान सपाट की उंच हे ठरवून बूट दिल्यानेही फारसा फरक पडत नाही, असे दिसले. दुकानात यंत्रावर उभे करून सुचवलेल्या महाग बुटाकडे या नजरेने पाहावे.

मेक्सिकोत हार

१९६७ मध्ये स्पेनमधील शर्यतीत बिकिलाच्या मांडीच्या मागचा स्नायू दुखावला आणि तो पुरता बरा झाला नाही. १९६८ मध्ये मेक्सिको ऑलिंपिकसाठी तो पुन्हा उतरला. मानाचा १ क्रमांक त्याच्या छातीवर होता. शर्यतीच्या आठवडाभर आधी डावा पाय दुखू लागला. तपासणीत नडगीच्या बाहेरच्या बाजूच्या बारीक हाडाला भेग आढळली. शर्यतीच्या दिवसापर्यंत पायावर भार देऊ नकोस असे डॉक्टरांनी सांगितले. तो तरीही धावला आणि सुमारे १६ किलोमीटरनंतर त्याला थांबावे लागले. त्याचा सहकारी मामो वोल्डेने सुवर्ण जिंकले.

जगातले सर्वांत कणखर मानले गेलेले पायही मोडू शकतात. हाडाचे काम रस्त्याच्या दुरुस्तीसारखे चालते. ताण वाढला की शरीर आधी जुना भाग पोखरून काढते आणि मग नवा भरते. पोखरण्याला काही आठवडे लागतात, भरण्याला काही महिने. या मधल्या काळात हाड तात्पुरते कमजोर असते. नेमका तेव्हाच सराव वाढवला, बूट एकदम बदलले किंवा दुखत असताना धावत राहिले तर केसाएवढी भेग पडते. तिला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. नव्या धावपटूचा घात बहुतेकदा इथे होतो. दम दीड-दोन महिन्यांत वाढतो, स्नायूही तयार होतात, उत्साह तर पहिल्या आठवड्यातच दुप्पट होतो. हाड आणि टेंडन मात्र महिनोन् महिने मागे असतात.

२२ मार्च १९६९ रोजी बिकिलाची मोटार उलटली. सुरुवातीला त्याला मानेखालचे अंग हलवता येत नव्हते. इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल रुग्णालयात अनेक महिने उपचार झाले. हातांत बळ परत आले, पाय कायमचे गेले. पण मणक्याच्या रुग्णांसाठी खेळ हाच उपचार मानणाऱ्या त्या रुग्णालयात तो पुन्हा खेळाडू झाला. १९७० मध्ये तिथल्या स्पर्धांत त्याने चाकाच्या खुर्चीतून धनुर्विद्येत भाग घेतला. पुढच्या वर्षी नॉर्वेत बर्फावरच्या घसरगाडीच्या २५ किलोमीटर शर्यतीत तो पहिला आला. २५ ऑक्टोबर १९७३ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने अदिस अबाबात त्याचे निधन झाले. वय अवघे ४१ वर्षे. अंत्ययात्रेला सम्राटांसह हजारो लोक हजर होते. अक्सुमचा स्तंभ २००५ मध्ये इथिओपियाला परत मिळाला.

विक्रोळीच्या रस्त्यावर काय करावे

बिकिलाच्या आयुष्यातून आणि त्यानंतरच्या संशोधनातून मुंबईत धावणाऱ्याने उचलण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत.

बूट बसतो का हे सर्वांत आधी पाहावे. खरेदी संध्याकाळी करावी, कारण दिवसभरात पाऊल थोडे सुजलेले असते. उभे राहिल्यावर बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरावी आणि टाच सरकू नये. धावताना पहिल्या मिनिटापासून जो आरामात वाटतो तो बूट योग्य. शर्यतीच्या दिवशी कोरा बूट घालू नये. रोममध्ये बिकिलाचे जे झाले ते आपले होईल, आणि आपल्याला अनवाणी धावण्याचा पर्याय नसेल.

सध्याचे बूट सोसत असतील आणि दुखणे नसेल, तर बदलायची गरज नाही. पातळ बुटांकडे वळायचेच असेल तर सहा महिन्यांची तयारी ठेवावी. आधी घरात अनवाणी चालणे, मग पायरीवर उभे राहून टाचा वर-खाली करण्याचा व्यायाम, मग एक दिवसाआड पाचच मिनिटे पातळ बुटांत आणि उरलेली धाव जुन्या बुटांत. दुसऱ्या दिवशी सकाळी पोटरी किंवा टाच आखडली तर तेवढ्यावरच थांबावे. मॅरेथॉनला तीन महिने उरले असताना हा प्रयोग सुरू करू नये.

अंतर एकाच दिवशी झेपावून वाढवू नये. गेल्या महिनाभरात सर्वांत लांब धाव दहा किलोमीटरची असेल, तर या रविवारी मित्रांसोबत एकवीस धावायला जाऊ नये. दुखऱ्या गुडघ्यासाठी बूट बदलण्याआधी पावले किंचित लहान आणि वेगाने टाकून पाहावीत. मिनिटाला पडणारी पावले पाच ते दहा टक्क्यांनी वाढवली, की गुडघ्यावरचा भार कमी होतो. हे फुकट आहे.

अनवाणी धावणे मुंबईत रस्त्यावर करू नये. दुपारचे डांबर पाय भाजते, पेव्हर ब्लॉकच्या कडा उचकटलेल्या असतात, काचा असतात. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून कापलेल्या पायाने गेल्यास लेप्टोची भीती असते. धनुर्वाताची लस वेळेवर घेतलेली असावी. मैदानावरच्या गवतात, नीट पाहून, थोडा वेळ अनवाणी धावायला हरकत नाही. मधुमेह असलेल्यांनी मात्र तेही टाळावे. त्यांच्या तळव्याची संवेदना कमी झालेली असू शकते आणि जखम झाल्याचे कळतच नाही.

शेवटचे, पण सर्वांत महत्त्वाचे. स्नायूचे दुखणे पसरट असते आणि दोन-तीन दिवसांत उतरते. हाडाचे दुखणे एका बोटाने दाखवता येते. तिथे दाबल्यावर कळ येत असेल, एका पायावर उडी मारल्यावर दुखत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, तर धावणे त्याच दिवशी थांबवून अस्थिरोगतज्ज्ञाकडे जावे. सुरुवातीचा एक्स-रे स्वच्छ आला म्हणून भेग नाही असे समजू नये, कधी कधी ती एमआरआयमध्येच दिसते. ज्या स्त्रियांची पाळी सरावामुळे अनियमित झाली आहे, जे खाणे कमी करून धावत आहेत किंवा ज्यांना ड जीवनसत्त्वाची कमतरता आहे, त्यांनी अशा दुखण्याकडे अधिक लवकर लक्ष द्यावे. वेळीच थांबलेली भेग बहुतेकदा सहा ते आठ आठवड्यांत भरते. जानेवारीतली एक शर्यत चुकते, पुढच्या जानेवारीत धावता येते.